पंगत एक कधी झाली, याची नोंद कुठे आहे?

संपादक महोदय,
रामकृष्ण हरी.

आषाढी आली की आपल्या दैनिकासह सगळीकडे वारीचे आकडे छापून येतात. किती लाख भाविक, किती जादा एसटी, किती टँकर, वाळवंटात किती बंदोबस्त. दिवे घाटाचा ड्रोनमधून काढलेला फोटो पहिल्या पानावर असतो. हे छापायलाच हवं, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ही लाखांची गर्दी म्हणजे सुटी माणसं नव्हेत. त्यातली बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या दिंडीची असतात. वर्षानुवर्षं त्याच दिंडीत चालतात, त्याच राहुटीत झोपतात, त्याच पंगतीला बसतात. त्या दिंडीचा पैसा कुठून येतो, भांडण झालं तर कोण मिटवतं, वीणेकरी थकल्यावर वीणा कुणाच्या गळ्यात जाते, कोण नव्यानं आलं आणि कोण यायचं थांबलं, यावर मराठीत झालेलं काम हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्यासाठी हे पत्र.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका दिंडीचा हिशेब ठेवते. नोकरी कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात गेली. सासरे या दिंडीचे वीणेकरी होते. त्यांच्यामागे घरात एक पत्र्याची पेटी राहिली आणि पेटीत दिंडीच्या जुन्या वह्या. सर्वांत जुनी १९५१ सालची, लाल कापडी बांधणीची. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणाखाणाचा वाटा, भरलेल्यांची नावं: कुणाची दोन पायल्या ज्वारी आणि आठ आणे, कुणाचा नुसता गूळ, एका विधवा बाईंच्या नावापुढे 'पाणी भरेल' एवढंच. पुढे बैलांची पेंड, कंदिलाचं रॉकेल, पखवाजाला कणीक आणि शाई, लोणंदला मोडलेल्या धुरीचा सुताराला दिलेला रुपया. आजच्या वहीत या जागी ट्रकचं भाडं, डिझेल, गॅसच्या टाक्या आणि जनरेटर आहे. एवढ्यावरूनही एका गावाचा सत्तर वर्षांचा इतिहास लिहिता येईल.

पण मला ज्या गोष्टीनं बसू दिलं नाही, ती वेगळी आहे. जुन्या वह्यांत भिशीच्या यादीशेजारी एक अरुंद रकाना आहे. मथळा 'शिधा निराळा'. म्हणजे दिंडीत चालणार, भजन एकत्र म्हणणार, पण शिजवलेलं अन्न दिंडीच्या चुलीवरचं खाणार नाही, कोरडा शिधा घेऊन आपली चूल वेगळी मांडणार, अशी माणसं. त्यांची नावं त्या रकान्यात. कुठल्या जातीची ते आडनावांवरून कळतं. दरवर्षी नावं थोडी कमी होत जातात. १९७३ च्या वहीत रकाना पट्टीनं आखलेला आहे, पण त्यात एकही नाव नाही. १९७४ च्या वहीत रकानाच नाही.

इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या होत्या. त्यांचा त्यावरचा लेख १९६२ साली 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये इंग्रजीत आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचला. ज्या प्रदेशाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या आपण भाषणांत, अग्रलेखांत, निबंधांत वापरतो. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी दिंडी मुक्कामाला पोचली की ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा होई, आणि हे त्यांना सलत राहिलं. व्याख्या सगळ्यांना पाठ आहे, स्वयंपाकाबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या पेटीतल्या वह्यांत त्या स्वयंपाकाचा शेवट आहे.

विठ्ठलाचं देऊळ १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर सर्वांना खुलं झालं. ती तारीख शाळेतल्या मुलालाही सांगता येते. पंगत मात्र कुठल्या दिंडीत केव्हा एक झाली, का झाली, कुणी पुढाकार घेतला, हे कुठल्याच पुस्तकात नाही. वारीत समता आहे असं म्हणणारे आणि वारीत समता नाही असं म्हणणारे, दोघंही पुरावा न पाहता बोलत राहतात. पुरावा गावोगावच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे आणि त्याला वाळवी लागते आहे.

आमच्या दिंडीतला रकाना का बंद झाला, हे मी जुन्या माणसांना विचारलं. एका आजोबांचं म्हणणं, तो दुष्काळानं बंद पडला. बहात्तर-त्र्याहत्तरला घराघरांत मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, शिजत होता, निराळा शिधा द्यायला दिंडीकडे धान्यच नव्हतं, सगळे एका कढईतलं खायला लागले आणि पुढच्या वर्षी जुनं सुरू करायला कुणाला तोंड राहिलं नाही. दुसऱ्यांच्या मते कारण ट्रक. बैलगाड्या गेल्या, सगळी भांडी एका गाडीत आली, चूल एक झाली. तिसरं कारण एका आजींनी सांगितलं, तेही बाकीच्या बायका उठून गेल्यावर. निराळा शिधा घेणाऱ्या घराचा स्वयंपाक ज्या म्हातारीच्या हातचा असे तिचे गुडघे गेले. सुनेनं सांगून टाकलं, मी चालेन, पण दमून आल्यावर पावसात दुसरी चूल पेटवणार नाही. मला हे तिसरं कारण सर्वांत खरं वाटतं. कदाचित तिन्ही खरी असतील. पण यांतलं एकही कीर्तनातून आलेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म' शेकडो वर्षं गायलं जात होतं, चुली तरीही दोन होत्या. त्या एक व्हायला दुष्काळ, ट्रक आणि एक ठाम सून लागली. त्या सुनेचं नाव वहीत कुठेही नाही.

अशा अभ्यासाची पद्धत काय असावी, हा प्रश्न कुणी विचारील. अमेरिकेत या कामाची एक स्वतंत्र शाखाच आहे. धर्म म्हणजे ग्रंथ आणि तत्त्वज्ञान, एवढ्यावर न थांबता एकेक मंडळी, म्हणजे एका जागी नियमानं जमणारा एकेक समूह, हाच तिथे अभ्यासाचा विषय असतो. नॅन्सी अ‍ॅमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली त्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तक काढलं. ते प्राध्यापकांसाठी आहे तसंच चर्चच्या साध्या सभासदांसाठीही आहे. आसपासची वस्ती कशी बदलते आहे, आपल्या रीती आणि गोष्टी काय आहेत, पैसा-माणसं-इमारत असं आपलं बळ किती, आणि निर्णय प्रत्यक्षात कसे होतात, हे मंडळीनं स्वतःच स्वतःला विचारावं, असा त्याचा साचा आहे. निवृत्तीनंतर मी मुलीकडे ओहायोत राहिले, तेव्हा तिच्या घराजवळच्या एका चर्चच्या तळघरात हे काम चाललेलं पाहिलं. भिंतीवर तपकिरी कागदाची लांब पट्टी लावली होती, त्यावर वर्षं लिहिली होती, आणि म्हातारी माणसं एकेक करून उठून आपल्याला आठवेल ते त्या वर्षाखाली लिहीत होती. नवा पाद्री आला. छत गळलं. गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला. एका बाईंनी थरथरत्या अक्षरात लिहिलं की या वर्षी बरीच कुटुंबं आपल्याला सोडून गेली. त्यावर तासभर बोलणं झालं. कोण गेलं आणि का गेलं, हे बऱ्याच जणांनी तोवर उघड बोललेलंच नव्हतं.

परत आल्यावर वारीआधीच्या बैठकीत मी विठ्ठलमंदिराच्या भिंतीला तसाच कागद लावला. सुरुवातीला कुणी उठेना. मग आमच्या चोपदारांनी, म्हणजे दंड हाती घेऊन दिंडीची शिस्त राखणाऱ्यांनी, '१९६७, कोयनेचा भूकंप' असं लिहिलं आणि पुढे कागद पुरला नाही. कुणी पहिला ट्रक लिहिला, कुणी गॅसची शेगडी, कुणी मंडळी दोन गटांत फुटली ते वर्ष. २०२० खाली मात्र खूप नोंदी आल्या. त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आम्ही घरी राहिलो, २०२१ लाही तेच. दोन वर्षं भिशी नाही, राहुटीचं कापड उंदरांनी खाल्लं, दोन टाळकरी करोनात गेले, आणि वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा जी माणसं आली नाहीत त्यांच्यातली बरीच अजूनही आलेली नाहीत. वर्तमानपत्रांनी त्या वेळी 'दोन वर्षांच्या खंडानंतर दुप्पट उत्साह' असं लिहिलं. वाटेवर उत्साह होता, ते खरंच. पण आमच्यासारख्या लहान दिंडीला त्या दोन वर्षांचा जो मार बसला, तो गर्दीच्या आकड्यात दिसत नाही.

इथे अभ्यासकांसाठी एक अडचण आहे आणि ती सोडवता येते. आळंदीच्या पालखीसोबतच्या मानाच्या, क्रमांकाच्या दिंड्यांची यादी आहे: सत्तावीस रथापुढे, बाकीच्या रथामागे. पण क्रमांक नसलेल्या, वाटेत येऊन मिळणाऱ्या, दुसऱ्या पालख्यांबरोबरच्या, थेट गावाहून निघणाऱ्या दिंड्यांची पुरी यादी कुणाकडेच नाही. अमेरिकेतही सगळ्या चर्चची, देवळांची, मशिदींची यादी नव्हती. मार्क चावेस या समाजशास्त्रज्ञानं १९९८ च्या देशव्यापी पाहणीत त्यावर तोड काढली. देशभरातून यदृच्छया निवडलेल्या माणसांना आधी विचारायचं, तुम्ही प्रार्थनेला कुठे जाता, आणि ते सांगतील त्या ठिकाणाचा मग अभ्यास करायचा. माणसांच्या नमुन्यातून समूहांचा नमुना. त्यातून कळलं की निम्म्या मंडळ्यांत नियमित येणारे पंच्याहत्तरहून जास्त नसतात, पण माणसं पाहिली तर त्यांतली बहुतेक मोठ्या मंडळ्यांत एकवटलेली आहेत. म्हणजे मंडळ्या मोजल्या तर एक चित्र दिसतं आणि माणसं मोजली तर दुसरं.

आपल्याकडे हे नुसतं पुस्तकी नाही. २०२४ साली राज्य सरकारनं पालख्यांसोबतच्या दिंड्यांना प्रत्येकी वीस हजार रुपये जाहीर केले. मदत चांगली आहे, मी तिचं स्वागत करते. पण चाळीस माणसांची दिंडी आणि हजार माणसांची दिंडी, दोघींना वीस हजार म्हणजे काय, हे वह्या पाहिल्याशिवाय कळणार नाही. मोठ्या दिंडीला दाते असतात, गावचा साखर कारखाना असतो, पुण्यामुंबईत गेलेली मंडळी असतात. लहान दिंडीत ट्रकचं भाडं तेवढंच, ते मात्र थोड्या डोक्यांवर वाटायचं. भिशी वाढवली की सर्वांत आधी एकट्या बायका गळतात. हे मी आमच्या वहीवरून सांगते. इतर दिंड्यांत काय होतं, ते कुणीतरी विचारायला हवं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वारीला जागतिक वारशाचं नामांकन मिळावं म्हणून युनेस्कोकडे प्रस्ताव पाठवण्याचंही जाहीर झालं. वारसा म्हणून काय दाखवणार आहोत आपण? रिंगण आणि घोडे दिसतील, ते दिसायलाही सुंदर आहेत. पण ही रचना टिकली ती ज्यामुळे, ते कॅमेऱ्यात येत नाही.

त्यातली एकच गोष्ट सांगते, समाजआरती. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल धरून उभ्या राहतात. शेकडो पखवाज आणि हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं कानावर पडत नाही. चोपदार चोप उंच धरतो, 'होऽ' म्हणतो आणि सगळा तळ एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती थांबत नाही, तिचे टाळ वाजतच राहतात. त्या शांततेत ते टाळ सगळ्यांना ऐकू जातात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो: चालीत कुणी पुढे घुसलं, जागा नीट मिळाली नाही, पाणी आलं नाही. समजूत निघाली की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, एखादी पिशवी, एखादं डोरलं, कुणाचा चष्मा. मग उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. आरती त्यानंतर. गाऱ्हाणं मिटल्याशिवाय देवाची आरती होत नाही, अशी ही व्यवस्था आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानोबामाउलींची पालखी स्वतंत्र काढली, तिला लष्करी शिस्त लावली, एवढं सगळे लिहितात. पण गेल्या पन्नास वर्षांत कुठली गाऱ्हाणी आली, कुठली मिटली, कुठली दाबली गेली, आणि बायकांचं गाऱ्हाणं असेल तर टाळ कुणी वाजवायचे, कारण टाळकरी पुरुष आहेत, याची नोंद मला कुठे सापडली नाही. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था मुंबईच्या डबेवाल्यांपर्यंत पोचल्या. या तळावरही त्यांनी एखादी संध्याकाळ उभं राहावं.

आता एक नाजूक गोष्ट, पण ती टाळली तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. आमच्या वह्यांत काही घरांची नावं १९५६ पर्यंत आहेत आणि नंतर नाहीत. ती घरं गावातच आहेत. त्यांनी धम्म घेतला आणि दिंडी सोडली. दिंडीतल्या आजच्या पिढीला ते इथे होते हेसुद्धा माहीत नाही. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंकडे मी गेले. त्यांनी चहा केला आणि शांतपणे सांगितलं की आमचे वडील चालायचे, पण मुक्कामाला त्यांची जागा कुठे असायची ते तुमच्या वहीत लिहिलंय का बघा. नव्हतं. 'शिधा निराळा'च्या रकान्यातही त्यांची नावं नव्हती, कारण त्यांचा शिधा कुणी मोजतच नव्हतं. दिंडीचा अभ्यास करताना फक्त चालणाऱ्यांना विचारलं तर या बाईंचं म्हणणं कधीच कळणार नाही. जे सोडून गेले त्यांच्याकडेही गेलंच पाहिजे. आज त्यांच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन होतं, बायका ते चालवतात, वर्गणी काढतात, हिशेब लिहितात. ती आमच्या गावातली दुसरी मंडळी आहे. मशिदीची जमात, अहिल्यानगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या, त्यांच्या वह्या आणि त्यांची भांडणंही याच अभ्यासात यायला हवीत. मी दिंडीवर लिहिते, कारण मी तिथली आहे.

हे काम कसं होऊ नये, तेही अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाची मुलं नातेपुत्याच्या मुक्कामी छापील अर्ज घेऊन आली. दिवसभर चालून आलेल्या बायकांना त्यांनी विचारलं, वारीमुळे मानसिक समाधान मिळतं का: होय, नाही, काही अंशी. बायकांनी 'होय'वर खूण करायला सांगितलं आणि भाकऱ्या थापायला गेल्या. मुलांचा दोष नाही, त्यांना पाठवणाऱ्यांनी तेवढंच शिकवलं होतं. त्या अर्जांचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. असल्या पाहणीतून पदवी मिळते, दिंडीच्या हाती काही लागत नाही.

पुणे आणि सोलापूरच्या विद्यापीठांतल्या समाजशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की पालखीमार्गावरच्या निदान काही दिंड्यांचा दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घ्यावा. एकदा जाऊन येऊन नव्हे, दरवर्षी त्याच दिंडीबरोबर. आळंदी-देहूच्या संस्थानांनी आणि फडकऱ्यांनी, म्हणजे वारकरी फडांच्या प्रमुखांनी, त्यासाठी दारं उघडी ठेवावीत. आणि दिंडीचालकांनो, जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवले तरी मोठं काम होईल. वह्यांत नसलेलं आजींना विचारा आणि लिहून ठेवा, वहीला जे माहीत नाही ते त्यांना माहीत असतं.

आमच्या दिंडीच्या बैठकीत ठराव झाला आहे की खऱ्या अभ्यासकाला वह्या पाहायला द्यायच्या. अटी तीन आहेत. वह्या गावाबाहेर जाणार नाहीत. निदान एक वारी त्यानं किंवा तिनं आमच्याबरोबर पूर्ण चालावी, भिशी भरून. आणि जे लिहिलं जाईल ते छापण्याआधी मराठीतून बैठकीत वाचून दाखवावं, त्या वेळी विहारातल्या त्या बाईंनाही बोलावलं जाईल. आपल्याकडे कुणी विचारणा केली, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक वारकरी आणि दिंडीची हिशेबनीस,
ता. कोरेगाव, जि. सातारा